‘संजू’ चित्रपट, खटला आणि नव्वदावा दिवस
(विरार पूर्व येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात कायद्याच्या एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे संयोजकांनी मला कळविले होते. परंतु विषय कोणता, हे ठरविण्याचे श्रम त्यांना अथवा मला पडले नाहीत. ते काम आपल्याच वस्तीतील तरुण मंडळींनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आपसांत भांडून करून टाकले. गेल्या महिन्यात एका घरी टीव्हीवर ‘संजू’ हा चित्रपट लागला होता. शेजारपाजारची दहावीस माणसे तो पाहावयास जमली. चित्रपट संपला आणि भांडण सुरू झाले. एका बाजूला वीस-बावीस वर्षांची मुले. त्यांचे म्हणणे असे की, या माणसाने चुका केल्या, त्यांची शिक्षा भोगली आणि तो पुन्हा उभा राहिला. अशा माणसाला मान का देऊ नये? दुसऱ्या बाजूला पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की, शहर पेटलेले असताना ज्याने एके-५६ रायफल घरात घेतली, त्याच्या आरत्या आपण का ओवाळाव्या?

भांडणाला आणखी एक कारण झाले. त्या नटाला त्याचे चाहते ‘संजूबाबा’ म्हणतात, आणि एका मुलाने आपल्या सदऱ्यावर नुसता ‘बाबा’ एवढाच शब्द छापून घेतला होता. त्यावर एक आजोबा म्हणाले की, आमच्या घरात हा शब्द एकाच माणसाचा आहे. त्या आजोबांच्या मनातील भावना मी जाणतो. तथापि एका सदऱ्यावरून दोन घरांनी पाण्याचा तांब्या देणे-घेणे बंद करावे, एवढे मोठे ते कारण नव्हे.

विरारच्या माणसाला सिनेमानटाविषयी ममत्व वाटावे यात नवल नाही. गोविंदा याच गावात लहानाचा मोठा झाला. येथून निघून तो पडद्यावर गेला आणि २००४ साली लोकसभेतही जाऊन बसला. त्यामुळे पडद्यावरील माणूस आपणांस देव न वाटता घरचा वाटतो. आणि घरच्या माणसाचे अपराध पोटात घालण्याची आपणां सर्वांस सवय असते. मी स्वतः त्या चित्रपटावर कडक टीका करण्याच्या तयारीनेच या भाषणाची टिपणे काढावयास बसलो होतो. ती टिपणे मला फाडावी लागली. का फाडावी लागली, ते मी पुढे सांगेन. आधी घडले काय ते पाहू.

१२ मार्च १९९३ हा शुक्रवार होता. मी त्या वेळी शाळेत होतो. माझे वडील गिरगावात नोकरीस होते. दुपारी मुंबईत ठिकठिकाणी बॉम्बस्फोट झाले आणि त्या रात्री ते विरारला पोचले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दोन दिवस ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत. त्या एका दुपारी २५७ माणसे मेली व सातशेंहून अधिक जखमी झाली. त्यापूर्वी, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत, मुंबईत ज्या दंगली झाल्या त्यांत नऊशे माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले आहे. हे आकडे मी मुद्दाम प्रारंभीच सांगतो, कारण चित्रपटात नायकाचे अश्रू पुष्कळ आहेत. ज्यांची माणसे गेली त्यांना मात्र जवळजवळ जागाच नाही.

त्या दंगलीच्या काळात, जानेवारी १९९३ मध्ये, संजय दत्त यांनी बेकायदा शस्त्र घरात घेतले. स्फोटांनंतर, एप्रिल १९९३ मध्ये, ते मॉरिशसहून चित्रीकरण आटोपून परतले तेव्हा त्यांना अटक झाली. टाडा हा कायदा तेव्हा जारी होता. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरणारा आणि जामीन जवळजवळ अशक्य करून सोडणारा असा तो कायदा. १९९५ साली तो संपुष्टात आला. आरंभी त्यांना जामीन मिळाला, १९९४ साली तो रद्द झाला, आणि पुढे सोळा महिने ते तुरुंगात राहिले. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामिनावर सोडले. त्यानंतर खटला अकरा वर्षे चालला. २००६ च्या सप्टेंबरात हे गृहस्थ पडद्यावर गांधीगिरी शिकवीत होते आणि नोव्हेंबरात टाडा न्यायालयात उभे राहून निकाल ऐकत होते. (गांधीगिरीविषयी आपल्या लोकांचे मत काय आहे, ते मी या सभेत सांगण्याची गरज नाही.) न्यायमूर्ती कोदे यांनी त्यांना टाडाच्या आरोपांतून मुक्त केले, परंतु शस्त्र कायद्याखाली दोषी ठरविले आणि जुलै २००७ मध्ये सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली. त्या कलमाखाली त्या काळी तेवढी शिक्षा ही किमान शिक्षाच होती; त्याहून खाली न्यायालयास जाता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान शिक्षा सात वर्षांची झाली आहे. मे २०१३ मध्ये ते शरण आले आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून सुटले.

म्हणजे निकालाला दोन अर्धे आहेत. चाहते पहिला अर्धा तोंडपाठ म्हणतात : न्यायालयाने त्यांना दहशतवादी ठरविले नाही. विरोधक दुसरा अर्धा म्हणतात : न्यायालयाने त्यांना गुन्हेगार ठरविले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या वस्तीतील भांडणात दोन्ही पक्ष खरे बोलत होते. फक्त प्रत्येकाने निकालपत्राचा कागद मधोमध फाडून आपल्या सोयीची बाजू हाती धरली होती.

आता चित्रपटाकडे वळू. २९ जून २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. राजकुमार हिरानी हे दिग्दर्शक, रणबीर कपूर हे नायक. भारतात त्याने तीनशे कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले. लोक रडले, हसले, पुन्हा पाहावयास गेले. आणि त्याच वेळी देशभर वादही पेटला. कोणी म्हणाले, हा गुन्हेगाराला धुऊन काढण्याचा उद्योग आहे. ‘पाञ्चजन्य’सारख्या साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठकथा केली. पत्रकार म्हणाले, साऱ्या दुर्दैवाचे खापर आमच्या माथी फोडले आहे. स्त्रियांनी विचारले की, साडेतीनशे स्त्रियांशी संबंध आल्याची कबुली नायकाच्या तोंडी हशा पिकविण्यासाठी का घातली? आणि ज्या पत्नीशी पहिला संसार झाला, त्या संसारातून मुलगी झाली, त्या दोघींना संपूर्ण चित्रपटात एक ओळसुद्धा का नाही? सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे, त्याच स्फोटांच्या प्रकरणात जन्मठेप भोगत असलेल्या अबू सालेम यानेही, आपल्याविषयी खोटे दाखविले म्हणून, निर्मात्यांना वकिलाची नोटीस धाडली. बदनामी झाली अशी तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत कोण कोण उभे राहील, याचा नेम नसतो.

या साऱ्या टीकेपैकी मला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट टीकाकारांनी सांगितलेली नाही. ती खुद्द दिग्दर्शकांनीच सांगितली. त्याच वर्षी त्यांनी जाहीरपणे कबूल केले की, चित्रपटाचे पहिले संकलन काही लोकांना दाखविले तेव्हा त्यांना नायकाचा तिटकारा आला. म्हणून सहानुभूती उत्पन्न व्हावी यासाठी नंतर काही भाग नव्याने घालण्यात आला. बंधूंनो, न्यायालयात आम्ही याला कैफियत म्हणतो. आरोपीच्या बाजूने जे जे बोलण्यासारखे आहे ते सर्व बोलावयाचे, आणि जे अडचणीचे आहे त्यावर मौन पाळावयाचे, हे बचावाच्या वकिलाचे कामच आहे. मीही ते रोज करतो. ते करताना मला लाज वाटत नाही, कारण माझ्यासमोर सरकारी वकील बसलेला असतो आणि उंचावर न्यायाधीश बसलेला असतो. चित्रपटगृहात ते दोघे नसतात. तेथे कैफियत हीच निकाल म्हणून वाचली जाते.

म्हणून कैफियत लिहिणाऱ्यावर रागावण्यात फारसा अर्थ नाही. मित्राने मित्राची बाजू मांडली. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ या २००३ सालच्या चित्रपटापासून त्या दोघांचे साहचर्य आहे. त्याच्याकडून सरकार पक्षाची बाजू ऐकावयास मिळेल, ही अपेक्षाच चुकीची होती. सार्वजनिक न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे कोणाही व्यक्तीविषयी लिहिण्यास तिची परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्यांना दुसरी बाजू मांडावयाची आहे त्यांना मार्ग मोकळा आहे.

पत्रकारांच्या बाबतीत मात्र मी चित्रपटाला सर्वस्वी दोष देणार नाही. त्यात एक प्रसंग आहे : बातमीच्या मथळ्यात स्फोटकांचा उल्लेख करावयाचा आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकून आपली मान सोडवून घ्यावयाची. हा प्रसंग पाहताना आपल्या घरातील माणसे हसली असतील. मला हसू आले नाही. आपल्या वस्तीतील मुलाला पोलिसांनी नेले की दुसऱ्या दिवशी त्याच्या नावामागे ‘सराईत’ हा शब्द लागतो. त्याच्यावर पूर्वीचा एकही गुन्हा नसला तरी लागतो. त्याला तर प्रश्नचिन्हाचीही सवलत मिळत नाही. आणि तो निर्दोष सुटला, तर ती बातमी कोणत्या पानावर येते? माझ्या वकिलीच्या काळात ती मला एकदाही सापडलेली नाही.

धम्माचा स्वीकार करून ज्यांना वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत अशी काही कुटुंबे येथे बसली आहेत. त्यांनी अंगुलिमालाची कथा ऐकली असेल. भांडणात मुलांनी तिचाच आधार घेतला होता, असे मला सांगण्यात आले. भगवंतांनी दरोडेखोराला संघात घेतले, मग आम्ही नटाला क्षमा केली तर काय बिघडले? प्रश्न चांगला आहे. त्याला डावलून पुढे जाता येणार नाही. राजा प्रसेनजिताने अंगुलिमालाला शिक्षा केली नाही, हेही खरे आहे. परंतु ती कथा सांगणाऱ्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी त्याच्या गळ्यातील बोटांची माळ लपविली नाही. त्याचे नावच त्या माळेवरून राहिले. भिक्षू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी ढेकळे व दगड मारले, त्याचे डोके फुटले, पात्र भंगले, चीवर फाटले. आणि भगवंतांनी त्याला सांगितले की, हे सोसले पाहिजे, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. त्या दगड मारणाऱ्या लोकांना कथेने खलपुरुष ठरविलेले नाही. त्यांची माणसे मेली होती. ‘संजू’ चित्रपटाचे आणि त्या कथेचे अंतर हे एवढेच आहे, आणि ते थोडे नाही. पतित माणसाचे चरित्र लिहावयास कोणाची हरकत नसावी. हरकत बोटे मोजू न देण्याला आहे.

येथे आजोबांच्या पक्षालाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी कोणता इशारा दिला, हे आपण प्रत्येक २६ नोव्हेंबरला फलकावर लिहितो. तो इशारा मुलांच्या सदऱ्यासाठी जसा आहे, तसा तो आपल्या फलकांसाठीही आहे. जो माणूस आवडतो त्याच्याविषयी एक अक्षर वावगे ऐकून घ्यावयाचे नाही, आणि जो आवडत नाही त्याच्याविषयी एक अक्षर बरे ऐकावयाचे नाही, ही सवय एकदा घरात शिरली की ती नटापाशी थांबत नाही.

त्या चित्रपटाची एक गोष्ट मला मनापासून आवडली होती, आणि नेमकी तीच वादात सापडली. तुरुंगाच्या कोठडीत शौचालयाचे घाण पाणी तुंबून वर येते आणि कैदी त्यात उभा असतो, असे दृश्य ट्रेलरमध्ये होते. तुरुंगाची बदनामी होते अशी तक्रार सेन्सॉर मंडळाकडे गेली, आणि मंडळाने ते दृश्य काढून टाकण्यास लावल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. साडेतीनशे स्त्रियांचा विनोद राहिला. तुंबलेले पाणी गेले. या मंडळाच्या आवडीनिवडी आपल्या लोकांना नव्या नाहीत. २०२५ साली ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीच्या दिवशी, प्रदर्शित व्हावयाचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, मंडळाने जातींची नावे व ‘पेशवाई’ यांसारखे शब्द बदलावयास सांगितले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. जोतीरावांच्या चरित्रातून जात वगळल्यावर मागे काय उरते, हे मंडळासच ठाऊक. नटाच्या चरित्राने समाजाच्या भावना दुखावल्या तर वाद होतो. समाजसुधारकाच्या चरित्राने दुखावल्या तर कात्री येते.

आता मी माझी टिपणे का फाडली ते सांगतो. हे मी एका मातेच्या परवानगीने सांगत आहे. तिचे नाव मी घेणार नाही आणि आपणही तर्क करू नये, अशी माझी विनंती आहे.

तिचा मुलगा बावीस वर्षांचा. रस्त्यावरील एका मारामारीच्या प्रकरणात त्याला इतर चौघांबरोबर अटक झाली. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा. खटला अद्याप चालू आहे, म्हणून त्यातील खऱ्याखोट्याविषयी मी एक शब्दही बोलणार नाही. त्याला ठाण्याच्या कारागृहात ठेवले. त्याची आई दर भेटीच्या दिवशी विरारहून पहाटेची गाडी पकडून दादरला उतरावयाची, तेथून गाडी बदलून ठाण्याला जावयाची, आणि वीस मिनिटांच्या भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावयाची. नियमित जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता. मी तिला धीर दिला की, नव्वद दिवस पुरे होऊ द्या; पोलिसांनी तोपर्यंत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर न्यायालयाला जामीन द्यावाच लागेल.

कायदा असाच आहे. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्यात नव्वद दिवस. इतर गुन्ह्यांत साठ दिवस. तेवढ्या मुदतीत तपास पुरा करून दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न तेथे उरत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६७ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७ व्या कलमात आहे. वकील त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात.

नव्वदावा दिवस मंगळवारी भरला. दोषारोपपत्र आले नव्हते. बुधवारी मी दुसऱ्या एका प्रकरणात दिंडोशीच्या न्यायालयात गुंतलो होतो. मनात म्हटले, नव्वद दिवस थांबलो, आणखी एक दिवस थांबू. गुरुवारी सकाळी अर्ज टंकलिखित करून मी वसईच्या न्यायालयात पोचलो. आदल्या सायंकाळी दोषारोपपत्र दाखल झाले होते. हक्क गेला. मुलगा आणखी आठ महिने आत राहिला, आणि मग गुणदोषांवर जामीन मिळाला.

चूक पोलिसांची नव्हती. त्यांनी उशिरा का होईना, पण कागद दाखल केला. न्यायालयाचीही नव्हती. ती माझी होती.

आणि तो हक्क ज्या निर्णयामुळे गेला, त्याचे नाव काय आहे? संजय दत्त विरुद्ध राज्य, १९९४. या नटाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन गोष्टी ठरविल्या. पहिली त्याच्यासारख्या आरोपींच्या उपयोगाची : अधिसूचित क्षेत्रात शस्त्र बाळगले एवढ्यावरून टाडाचे गृहीतक धरले जात असले, तरी आपला दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे दाखविण्याची संधी आरोपीला मिळाली पाहिजे. दुसरी या देशातील प्रत्येक कच्च्या कैद्याला लागू पडणारी : मुदत टळल्यानंतरचा जामिनाचा हक्क दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी मागितला पाहिजे, मागितला नाही आणि दोषारोपपत्र आले, की तो संपतो. विधी महाविद्यालयात असताना आम्ही हा निर्णय परीक्षेसाठी पाठ केला होता. चित्रपटात तो कोठेही नाही. परंतु वसईच्या न्यायालयात या नटाचे नाव मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, ते या निर्णयामुळे.

पुढील निर्णयांनी ही दोरी थोडी सैल केली आहे. २००१ साली उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठरले की, दोषारोपपत्रापूर्वी अर्ज दिला असेल व आरोपी जामीन भरण्यास तयार असेल, तर अर्जावर आदेश व्हावयाचा राहिला असला तरी हक्क बुडत नाही. २०१७ साली राकेश कुमार पॉल खटल्यात तर असे ठरले की, तोंडी मागणीही पुरेशी आहे. म्हणजे त्या बुधवारी माझ्या कार्यालयातील एखाद्या कनिष्ठ वकिलाने न्यायालयात उभे राहून दोन वाक्ये उच्चारली असती, तरी चालले असते.

हे सर्व मी त्या मातेला तेव्हाच सांगितले होते. ती रागावली नाही. त्यामुळे मला अधिक वाईट वाटले. गेल्या महिन्यात ज्या घरी चित्रपट लागला, तेथे तीही बसली होती. मी या भाषणाची तयारी करीत आहे हे कळल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, त्या पिक्चरला नावं ठेवू नका. मी रडले त्यात. त्याचा बाप कोर्टाच्या दारात उभा राहतो ना, तिथं रडले. त्याच्या पोराची गोष्ट सगळ्या देशाला कळली, ते बरं झालं. पण माझ्या पोराचे दिवस मोजायला कुणी नव्हतं.”

मी तिला म्हणालो, “ताई, मी होतो.”

ती म्हणाली, “तुम्ही पण नव्हता.”

त्यानंतर मी टिपणे फाडली. चित्रपटाने एका आरोपीची परिस्थिती, त्याची भीती, त्याच्या बापाची धावपळ, त्याची व्यसने, त्याची संगत हे सर्व आपल्यापुढे ठेवले. तेवढे ऐकून घेतल्यावर दगड उचलावयास आपला हात धजत नाही. आणि धजू नये. माझी तक्रार एवढीच उरली की, ही ऐकून घेण्याची रीत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत नाही. त्याच स्फोटांच्या खटल्यात शस्त्रे घरात ठेवू दिल्याबद्दल सत्तरी गाठलेल्या एका स्त्रीलाही पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१३ साली नटाला माफी मिळावी म्हणून नामवंतांनी पत्रे लिहिली. तिचे नाव लोकांच्या तोंडी आले ते त्या गदारोळामुळे. शेवटी राज्यपालांनी नटाच्या माफीची मागणी २०१५ मध्ये फेटाळली, आणि त्याची शिक्षेपूर्वीची सुटका नियमबाह्य नव्हती असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. तेव्हा त्याला सवलत मिळाली म्हणून ओरड करणाऱ्यांनी ते नियम आपल्या माणसांस लागू होतात की नाही, याची चौकशी करावी. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा निकाल लागलेलाच नव्हता. त्यांच्यासाठी कोणी संकलन बदलून सहानुभूतीचे प्रसंग घालणार नाही. त्यांच्या बाजूने एक अर्ज वेळेवर पडला तरी पुष्कळ होईल.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरातील माणसाला अटक झाली की त्याला पहिल्यांदा न्यायाधीशासमोर उभे करून कोठडी दिली तो दिवस लिहून ठेवा. अटकेचा दिवस मोजावयाचा नाही. पहिल्या रिमांडचा दिवस मोजावयाचा, आणि तो दिवस धरून मोजावयाचा. साठ की नव्वद, हे कलमांवरून ठरते. काही विशेष कायद्यांत मुदत याहून मोठी आहे. म्हणून प्रथम माहिती अहवालाची प्रत हाती घ्या व वकिलाला विचारून त्यावरच आकडा लिहा. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालय उघडताना अर्ज तेथे असला पाहिजे. वकील येऊ शकत नसेल तर त्याने दुसऱ्याला धाडावे. तो धाडीत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, तसेच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात आहे. धर्मांतरानंतर जातीच्या दाखल्यावरून आपल्या लोकांना पुष्कळ हेलपाटे घालावे लागतात, हे मी जाणतो. १९९० सालीच बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला असूनही घालावे लागतात. परंतु जो कोठडीत आहे त्याच्या विनामूल्य वकिलासाठी दाखल्याची गरजच नाही. तो कोठडीत आहे, एवढे पुरे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चौकशी होते.

मागच्या टेबलावर मी अर्जाचे नमुने ठेवले आहेत आणि त्यांच्याबरोबर नव्वद चौकटी आखलेला एक कागद ठेवला आहे. तो त्या मुलाने आखून दिला आहे. तो मुलगा चित्रपट पाहावयासही होता आणि भांडणातही होता. कोणत्या बाजूला, ते मी सांगत नाही. ज्यांच्या घरचे कोणी आत असेल त्यांनी सभेनंतर थांबावे आणि पहिल्या रिमांडची तारीख आठवत नसेल, तर न्यायालयातील खटल्याचा क्रमांक तेवढा मला द्यावा. उद्या मी वसईच्या न्यायालयातच आहे.

जय भीम.